भिंतीवरचं निदान

आमच्या गारखेड्याच्या गल्लीत आजार ओळखायला डॉक्टर लागत नाही. कंपाउंडची भिंत आणि नळाचा दिवस, एवढं पुरतं. शहराचं नाव बदललं, पाण्याची रडकथा तीच राहिली. इतक्या दिवसांनी नळ येणार म्हटल्यावर सगळी गल्ली पाईप ओढत बाहेर, आणि हौद भरेपर्यंत करायचं काय? मग कुणाचे गुडघे, कुणाच्या सुनेचं थायरॉइड, कुणाच्या जावयाची शुगर, सगळं त्या भिंतीवर मांडलं जातं. परवा तिथं वहिनींच्या ब्रूनोची पाळी आली.

ब्रूनो लॅब्राडॉर. दहा वर्षं पूर्ण. सकाळी वहिनींकडची पोळी, दहाला आमच्याकडची, संध्याकाळी समोरच्यांकडचा पारलेचा पुडा, असा त्याचा दिनक्रम. त्यामुळे कंबर म्हणून जी जागा असते ती त्याला बऱ्याच वर्षांपासून नाही.

“ताई, जरा इथं हात लावून बघता का?” वहिनींनी त्याला पट्ट्याला धरून भिंतीपाशी आणलं. “रविवारी अंघोळ घालायले होते, तर हाताला लागलं.”

उजव्या बाजूला, बगलेच्या जरा मागं, लिंबाएवढी गाठ. मऊ. बोटाखाली इकडून तिकडं सरकत होती. दाबलं तरी ब्रूनोला काही नाही. त्याचं सगळं लक्ष माझ्या दुसऱ्या हाताकडं, की त्यात काही आहे का.

मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या काकांचं मत आलं. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे पाणी, पाऊस, राजकारण आणि प्राणिमात्र ह्या चारही विषयांत त्यांचा शब्द शेवटचा असतो. “काही नाही हो, चरबीची आहे. म्हातारपणी येतातच. आमच्या साडूच्या कुत्र्याला अशा पाच होत्या. मेला तो वेगळ्याच कारणानं.”

आजी ओट्यावरून म्हणाल्या, “घोड्याच्या शेपटीचा केस आणा अन् आवळून बांधा. आपोआप गळून पडते.” गाठ कातडीच्या खाली असताना केस नेमका कशाला बांधायचा, हे आजींना विचारायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात समोरच्या घरातल्या नव्या सूनबाईंनी फोन काढला आणि मिनिटभरात कॅन्सर काढून दाखवला, फोटोसकट. वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला.

एका गाठीवर तीन निदानं झाली आणि गंमत म्हणजे ह्यातलं कुठलंही खरं निघू शकलं असतं, अगदी आजींचंसुद्धा, त्याबद्दल पुढं सांगते. पण तिघांनीही केलेली गोष्ट एकच होती: अंदाज.

माझी भाची परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली. १९७२ पासूनचं कॉलेज आहे ते. मराठवाड्यात गाई-म्हशींचे जेवढे डॉक्टर भेटतात त्यातले कितीतरी तिथलेच. सुट्टीत ती सेलू, परतूर, जालना करत रेल्वेनं इकडं आली की आमच्या दारात दवाखानाच भरतो. कुणाची शेळी, कुणाचं मांजर, कुणाचा पोपट. तिला एकदा असंच एका गाठीबद्दल विचारलं होतं, तर म्हणाली, “मावशी, साडेपाच वर्षं शिकले, तरी नुसता हात लावून मला सांगता येणार नाही. आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, मग तो डॉक्टर का असेना.”

हे मी वहिनींना सांगितलं. काकांनाही ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

“पण सरकते ना ती,” काका म्हणाले. “सरकणारी गाठ साधी असते. हे शास्त्र आहे.”

हे अर्धं शास्त्र आहे. चरबीची गाठ, डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात, ती बहुतेक वेळा अशीच असते: मऊ, गोल, सुटी, छातीवर, पोटाखाली किंवा बगलेत. वयस्कर आणि अंगानं भरलेल्या कुत्र्यांना होते, लॅब्राडॉरला तर फारच. ती काही करत नाही. बगलेत वाढत वाढत पाय उचलायला अडचण व्हायला लागली तर काढतात, नाहीतर राहू देतात. ब्रूनोची गाठ ह्या वर्णनात अगदी फिट्ट बसत होती, हे मला मान्य. अडचण अशी की दुसरी एक गाठ आहे, तीही हेच सोंग घेऊन येते.

तिचं नाव मास्ट सेल ट्यूमर. कुत्र्यांच्या कातडीला होणाऱ्या कॅन्सरांत सगळ्यात जास्त आढळतो तो हाच, आणि आहे पक्का बहुरूपी. कधी साध्या चामखिळीसारखा दिसतो, कधी गांधीलमाशी चावल्यासारखा, कधी केस गेलेला लाल चट्टा, आणि कधी चक्क चरबीच्या गाठीसारखा मऊ. त्याची आणखी एक खोड म्हणजे तो आज फुगतो आणि चार दिवसांनी बसतो. बसला की घरचे म्हणतात, उतरायली बघा, उगंच घाबरलो. त्या पेशींच्या पोटात हिस्टामिन भरलेलं असतं. गाठ दाबली, चोळली, की ते बाहेर पडतं आणि आजूबाजूची जागा लाल होते, सुजते, खाजते. फार सुटलं तर कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, उलट्या होतात, शी डांबरासारखी काळी होते. बॉक्सर आणि पग ह्या जाती त्याच्या विशेष लाडक्या, आणि लॅब्राडॉरही त्या यादीत आहे.

“म्हणजे मी आत्ता इतका वेळ दाबायले ते...” वहिनींनी हात झटकन मागं घेतला.

“दाबू नका, एवढंच. चाचपणं वेगळं, पिळणं वेगळं.”

“मग कळायचं कसं?”

सुईनं. आमच्या ठमीच्या वेळी मी ते अगदी जवळून पाहिलंय. ठमी गावठी, पावसात गेटखाली येऊन बसलेली, तिथून जी आत आली ती आलीच. आठव्या वर्षी तिच्या बरगडीवर गाठ आली. डॉक्टरांनी केस बाजूला केले, स्पिरिटचा बोळा फिरवला, डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठ धरली आणि साधी इंजेक्शनची सुई आत घालून दोन-तीन दिशांना हलवली. भूल नाही, टाका नाही. ठमी माझ्या काखेत तोंड खुपसून उभी होती. लसीच्या वेळी घर डोक्यावर घेते, तेवढंही केलं नाही. सुई बाहेर काढली, सिरिंजमध्ये हवा ओढून पुन्हा सुईला लावली आणि दट्ट्या जोरात दाबून सुईत जे काही अडकलं होतं ते काचेवर उडवलं. काचेवर बारीक-बारीक चकचकीत थेंब. डॉक्टरांनी काच खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, थोडा वेळ हलवत राहिले. थेंब वाळेनात. “तेल कसं वाळेल?” म्हणाले. पण तिथं थांबले नाहीत. गाठीच्या शेजारी सुई गेली तरी आजूबाजूची चरबी येतेच आणि आपण फसतो, म्हणून त्यांनी दुसरीकडून आणखी एक नमुना घेतला, काच रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावली. मलाही बघायला बोलावलं. मला गुलाबी-निळ्या ठिपक्यांपलीकडं काही दिसलं नाही, पण मान डोलावली.

सगळ्या गाठी इतक्या सरळ नसतात. काही गाठींतून सुईला पेशी मिळतच नाहीत, काहींत नुसतं रक्त येतं. मग तुकडा काढून तो पॅथॉलॉजीकडं पाठवावा लागतो आणि रिपोर्टची वाट बघावी लागते. ते लांबचं काम. पण पहिली पायरी सुईची, आणि ती ऑपरेशनच्या मानानं किरकोळ आहे, पैशानं आणि त्रासानंही.

आता आजींच्या घोड्याच्या केसाबद्दल. हसायचं कारण नाही. तरण्या कुत्र्यांना, तीनच्या आतल्या, कधीकधी बटणासारखी लालबुंद गाठ येते आणि दोन-तीन महिन्यांत आपली आपण जिरून जाते. पिलांच्या तोंडात विषाणूनं फुलकोबीसारखे मस येतात, तेही काही महिन्यांत गळतात. मग त्या दिवसांत जे केलं असेल, केस बांधला असेल, चुना लावला असेल, मीठ-मोहरी उतरून टाकली असेल, त्याला श्रेय मिळतं. गावोगावच्या उपायांची निम्मी कीर्ती अशीच झालेली असणार. प्रश्न हा की ब्रूनो पिलू नाही. दहा वर्षांच्या कुत्र्याला आलेली गाठ आपोआप जाईल ह्या भरवशावर बसता येत नाही, आणि चामखिळीला आवळून केस बांधला की ती जागा सडते, माश्या बसतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन दिवसांत अळ्या पडतात. चुन्यानं कातडी भाजते ते वेगळंच. कुत्रं ते चाटतं, म्हणजे जीभही भाजते.

“बरं, आता कोपऱ्यावरच्या पामेरियनची गोष्ट आठवा,” मी म्हणाले. आवाज आपोआप खाली आला, कारण कोपऱ्यावरच्या बाई गेटपाशीच होत्या.

ती गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्या पामेरियनला मागच्या सडापाशी हरभऱ्याएवढी गाठ आली होती. कुणीतरी म्हणालं, दूध साठलंय. दुसरं कुणी म्हणालं, पिल्लं झाली नाहीत ना तिला, म्हणून. मग गौरी-गणपती आले, दिवाळी आली, नणंदेच्या मुलीचं लग्न आलं, आणि हरभऱ्याची सुपारी झाली, सुपारीचं अंडं. फुटल्यावर दवाखान्यात नेली. तिथं आधी छातीचा एक्स-रे काढला, कारण ही गाठ फुप्फुसात जाते. सुदैवानं गेली नव्हती. पण एक ओळच्या ओळ काढावी लागली, पोटावर वीतभर टाके. त्यानंतरही ती जगली, चांगली जगली, पण जे काम हरभऱ्याएवढ्यात झालं असतं त्याला इतका घाट घालावा लागला.

मादीच्या स्तनातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात, म्हणून तिथल्या गाठीला महिनाभर बघू वगैरे मुदत नाहीच. आणि ह्याचा नसबंदीशी संबंध आहे. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास भाचीनं सांगितला होता: पहिल्या माजाच्या आधी नसबंदी केलेल्या कुत्रीला ह्या गाठींचा धोका न केलेल्या कुत्रीच्या मानानं अर्धा टक्का, पहिल्या माजानंतर केली तर ८ टक्के, दुसऱ्यानंतर २६. पुढं काहींनी त्या पुराव्याच्या बळाबद्दल शंकाही काढल्या, आणि मोठ्या जातींमध्ये सांध्यांसाठी जरा थांबा असंही सांगतात. पण ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग तब्येत चांगली राहते’ हे जे आपल्याकडं बायका बायकांना सांगतात, त्याला कुठंच आधार नाही. नरालाही वयात शेपटीच्या खाली, शीच्या जागेभोवती गाठी येतात. त्या बहुतेक साध्या असतात आणि नसबंदीनंतर आक्रसतात. ह्यावर काकांनी विषय बदलला.

म्हणाले, “तुम्ही सारख्या गाठी-गाठी करता. अहो, निम्म्या वेळा ते गोचीड असतं. ओढून काढायचं.”

काकांनी गोचीड हा शब्द काढायला नको होता. कारण दोन उन्हाळ्यांमागं ह्याच काकांनी ह्याच भिंतीवरून वाकून ब्रूनोच्या पोटावरचं एक गोचीड चिमटीत धरून मोठ्या निष्ठेनं ओढलं होतं आणि ब्रूनोनं आयुष्यात पहिल्यांदा माणसावर दात काढले होते. ते गोचीड नव्हतं. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात. वहिनी हे आठवून इतक्या हसल्या की पाईप हौदातून निसटला आणि काकांचा पायजमा भिजला.

तरी काकांच्या बोलण्यात एक गोष्ट होती. जबड्याखाली, खांद्याच्या पुढं आणि मागच्या गुडघ्याच्या पाठीमागं ज्या गाठी लागतात त्या कातडीच्या नसतातच; त्या लसीकेच्या ग्रंथी. गोचीडतापात त्या फुगतात, आणि आपल्या भागात गोचीडताप काही नवा नाही. पण लिम्फोमा नावाच्या कॅन्सरमध्येही त्या फुगतात, आणि तेव्हा दोन्ही बाजूंना सारख्याच, टणक, आणि कुत्रं मात्र जेवतंय-खेळतंय. दोन्ही जबड्यांखाली लाडूच लागायला लागले तर घसा सुजलाय म्हणून हळदीचं दूध पाजत बसू नये, रक्त तपासायला न्यावं.

चौकातल्या काळूचंही तसंच झालं होतं. त्याच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडायचे. मे महिना, पारा बेचाळीसच्या वर, सगळे म्हणाले उन्हाळी लागली. रोज कुणी ना कुणी त्याच्यापुढं ताक ठेवायचं. काळूनं ताक पिऊन घेतलं, रक्त काही थांबलं नाही. शेवटी चौकातल्या पोरांनी त्याला पोत्यात गुंडाळून नेलं तर आत फुलकोबीसारखा गोळा. हा कुत्र्यांमधला एक अजबच कॅन्सर आहे: तो संसर्गानं पसरतो. मिलनातून, चाटण्यातून, हुंगण्यातून एका कुत्र्याच्या अंगावरच्या जिवंत कॅन्सरपेशी दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. म्हणून तो कधी नाकातही सापडतो. शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून काढलंय की जगभरातल्या कुत्र्यांमधल्या ह्या सगळ्या गाठी एकाच कुत्र्यापासून सुरू झाल्या, चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी, आशियात कुठंतरी. तो कुत्रा केव्हाच गेला, त्याचा कॅन्सर आमच्या चौकापर्यंत पोचला. आणि एवढी जुनी खोड, पण औषधाला लाजते: व्हिन्क्रिस्टिनची सलाईनमधून आठवड्याला एक मात्रा, अशा काही मात्रांत बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात. काळू आता पुन्हा स्कूटरमागं धावतो. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण ‘कॅन्सर’ शब्द उच्चारला की वहिनी लगेच रडवेल्या व्हायल्या होत्या.

“पण दहा वर्षांचा झाला आता,” वहिनी हळूच म्हणाल्या. “आमचे हे म्हणतात, ह्या वयात कशाला त्याला सुया टोचायच्या? जेवढं आहे तेवढं सुखानं जाऊ द्या.”

ह्या वाक्यावर मात्र मी भडकते. वय हा आजार नाही. भुलीआधी रक्त तपासतात, किडनी-लिव्हर बघतात, छातीचे ठोके ऐकतात, आणि दहा-बारा वर्षांची कुत्री टाके घालून घरी येऊन दुसऱ्या दिवशी पोळी मागतात. उद्या गाठ वाईट निघाली आणि घरच्यांनी ठरवलं की ऑपरेशन नको, तर तेही समजू शकते; तो त्यांचा आणि डॉक्टरांचा विचार. पण काय आहे हे न बघताच ‘सुखानं जाऊ द्या’ म्हणणं ह्यात सुख आपलं असतं, कुत्र्याचं नाही. आणि गाठ लहान असतानाच कळलं पाहिजे ह्याचं कारण अगदी शिंप्याच्या हिशेबाचं आहे. वाईट गाठ नुसती कोरून चालत नाही, भोवतीची चांगली कातडीही काढावी लागते. पोटावर कातडी भरपूर. पण पायावर, पंजापाशी, पापणीवर शिल्लक कापडच नसतं. तिथं गाठ मोठी होऊ दिली की टाके घालायला काही उरत नाही.

अमेरिकेत डॉ. स्यू एटिंगर म्हणून कुत्र्या-मांजरांच्या कॅन्सरच्या डॉक्टरीण आहेत, त्यांनी ह्याचा सोपा हिशेब करून ठेवलाय: गाठ वाटाण्याएवढी म्हणजे सेंटिमीटरभर असेल, किंवा महिनाभर टिकून असेल, तर सुई घाला. ब्रूनोची लिंबाएवढी. ती काही रविवारीच उगवली नव्हती. लॅब्राडॉरच्या चरबीत ती कधीची असणार, हाताला रविवारी लागली एवढंच.

सूनबाई हुशार. त्यांनी विचारलं, “मग लगेच पळायचं कधी आणि दोन दिवस थांबलं तर चालतं कधी?” हा प्रश्न त्यांनी फोनला विचारला नाही, मला विचारला, म्हणून मला बरं वाटलं. गाठ फुटली, रक्त थांबत नाही, चार दिवसांत दुप्पट झाली, हाताला गरम लागते आणि कुत्रं हात लावू देत नाही, अंगात ताप आहे, तर त्याच दिवशी. गाठीबरोबर उलट्या आणि काळी शी असेल तर जेवणही न करता. तोंडाच्या आत काही दिसलं, लाळेत रक्त, तोंडाला वास, तर उद्यावर टाकू नका. तोंडातलं लवकर पसरतं आणि कुणाला दिसत नाही, कारण कुत्र्याच्या तोंडात बघतो कोण? नखाच्या मुळाशी सूज येऊन नख सारखं तुटत असेल तर तेही काट्याचं नसतं नेहमी. बाकी मऊ, सुटी, न दुखणारी गाठ असेल, कुत्रं खातंपितं असेल, तर त्याच आठवड्यात सवडीनं, पण त्याच आठवड्यात.

तोवर घरी काय करायचं? तारीख लिहायची. शेजारी दहाचं नाणं धरून फोटो काढायचा, म्हणजे पुढच्या वेळी ‘वाढल्यासारखी वाटते’ असं मोघम सांगावं लागत नाही. केसांत गाठ हरवते, म्हणून भोवतीचे केस जरा कापून ठेवायचे. आणि घरातली दुखण्याची गोळी द्यायची नाही. आपल्याला कंबरेला चालणारी आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, किडनी बंद पाडते. हे सांगताना मी काकांकडं बघितलं, कारण त्यांच्या खिशात कायम गोळ्यांचा एक पत्ता असतो आणि मन मोठं आहे.

“ते रतन टाटांचं मुंबईचं हॉस्पिटल आहे ना,” काका पायजमा पिळत म्हणाले. “महालक्ष्मीला. तिकडंच नेऊन टाका एकदम.”

आहे. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर सुरू झालं, खास कुत्र्या-मांजरांसाठी, १६५ कोटी रुपये खर्चून. आणि टाटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. परळलाही पशुवैद्यकीय कॉलेज आहे, १८८६ चं. गरज पडली तर तिकडं जायचंच की. पण एका सुईसाठी मुंबईची गाडी कशाला पकडायची? खडकेश्वरला सरकारी जनावरांचा दवाखाना आहे, शहरात खासगी डॉक्टरही आता पुष्कळ झालेत. विचारायचं एवढंच, की ‘डॉक्टर, सुई घालून काच बघणार का?’ आणि ‘चरबीच आहे, राहू द्या’ असं हात लावूनच उत्तर मिळालं तर नम्रपणे पुन्हा तेच विचारायचं.

वहिनींनी ब्रूनोच्या डोक्यावरून हात फिरवला. “रिक्षावाले घेत नाहीत हो ह्याला. मागच्या वेळी तिघांनी नाही म्हटलं.”

“रिक्षा कशाला? आमचे हे गाडी काढतील. मागच्या सीटवर जुनी सतरंजी टाका, केसांचं ते काही बोलणार नाहीत. लसीची फाईल सोबत घ्या, आणि तुमच्या ह्यांनाही घ्या, उचलायला. पस्तीस किलो तरी असेल आता. आणि वजनाचा विषय डॉक्टर काढणारच, तेव्हा माझ्या पोळीचं नाव सांगू नका.”